उरलेली काळी वायर: धानगिरणीतल्या एका स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मरचं प्रकरण

मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात नागभीड तालुक्यातल्या एका गावातून फोन आला. तिथं काही बचत गटांच्या बायांनी मिळून छोटी धानगिरणी टाकली आहे. जपानहून आलेलं वापरलेलं पॉलिश मशीन त्यांनी एका व्यापाऱ्याकडून घेतलं, सोबत ट्रान्सफॉर्मरही घेतला. गावातल्याच आयटीआय झालेल्या पोरानं तो जोडला. तीन आठवडे मशीन झक्कास चाललं आणि एका रात्री त्याचं कंट्रोल कार्ड जळलं. व्यापारी म्हणे लाइनीचा दोष, लाइनमन म्हणे मशीनच भंगार. नवीन कार्डाचे ४२ हजार सांगितले होते.

हे सगळं सांगून झाल्यावर अध्यक्ष ताई जाता जाता म्हणाल्या, "आणि मशीनले हात लावला का मुंग्या येते जी."

मी कार्डाचं तिथंच सोडलं. विचारलं, "पायात चपला असतात का तुमच्या?"

"नाही जी. तांदळात चप्पल घालून कोण जाते?"

मेन स्विच पाडा आणि मी येईपर्यंत कोणी चढवू नका, एवढं सांगून फोन ठेवला. ब्रह्मपुरीहून तासाभराचा रस्ता. चाळीस-बेचाळीस डिग्रीत स्कूटरवर मेगर (वायरीचं इन्सुलेशन तपासायचं यंत्र) आणि अर्थ टेस्टर बांधून निघालो. कार्ड जळणं हा पैशाचा प्रश्न होता. अनवाणी बायांना मशीनच्या अंगातून मुंग्या येणं हा वेगळाच प्रश्न होता, आणि तो कोणी प्रश्न म्हणून धरलाच नव्हता.

जागेवर काय होतं

खांबावरून चार तारांची थ्री-फेज सर्व्हिस, मीटर, त्यानंतर लोखंडी पेटीत किटकॅट फ्यूज. तिथून २५ केव्हीएचा कोरडा ट्रान्सफॉर्मर, पाटीवर ४१५/२००, डीवायएन-११. म्हणजे वीज येते ती बाजू डेल्टा, मशीनकडची बाजू स्टार (तिन्ही गुंडाळ्यांचं एक-एक टोक एकत्र बांधलेलं), आणि स्टारचा मधला बिंदू बाहेर काढलेला. पुढं मशीनचं पॅनेल.

मशीनची पाटी आधी वाचली. असं जुनं जपानी यंत्र आलं की पहिला घोळ इथंच होतो. जपानमध्ये पूर्वेकडं ५० हर्ट्झ आणि पश्चिमेकडं ६० हर्ट्झ आहे. टोकियोनं सुरुवातीला जर्मन जनित्रं घेतली आणि ओसाकानं अमेरिकन, ती फाळणी आजवर टिकून आहे. त्यामुळं तिथल्या मोटरवर बहुधा तीन आकडे असतात: २०० व्होल्ट ५० हर्ट्झ, २०० व्होल्ट ६० हर्ट्झ, २२० व्होल्ट ६० हर्ट्झ. आपल्याकडं ५० हर्ट्झ, म्हणून आपला आकडा २००. 'जपानी मशीन २२० ला चालते' असं बाजारात सर्रास सांगतात. ते ६० हर्ट्झचं सत्य आहे. ५० हर्ट्झवर तेच २२० दिलं तर मोटरचं लोखंड चुंबकत्वानं भरतं, करंट वाढतो, मोटर तापते. नुसत्या ६० हर्ट्झची मोटर असती तर तिला इथं २०० सुद्धा जास्त झाले असते. सुदैवानं ही दोन्हींची होती आणि व्यापाऱ्यानं ट्रान्सफॉर्मर २०० चाच दिला होता. तेवढ्यापुरता त्याला दोष नाही.

भार मोजला. मुख्य मोटर साडेसात किलोवॅट, पाटीवर ३० अँपिअर. ब्लोअर आणि बादल्यांचा एलेव्हेटर धरून एकूण ४० अँपिअर. २०० व्होल्टवर ४० अँपिअर म्हणजे १.७३२ गुणिले २०० गुणिले ४०, सुमारे १४ केव्हीए. २५ चा ट्रान्सफॉर्मर पुरून उरतो. मोठी मोटर स्टार-डेल्टा स्टार्टरवर होती, त्यामुळं सुरू होतानाचा धक्काही आवाक्यात.

इथवर सगळं बरोबर. घोटाळा होता तो जोडणीत.

वायरमन पोरगा तिथंच उभा होता, मान खाली घालून. मी त्याला म्हटलं, तू कसं जोडलं ते मला सांग, मी रागावणार नाही. त्यानं सरळ सांगितलं: "खांबावरून चार वायर आल्या भाऊ. ट्रान्सफॉर्मरले इकडून तीनच बोल्ट. तीन फेज लावले, काळी वायर उरली. पलीकडं चार बोल्ट होते, मशीनले तीनच लागत होते. तिकडं एक बोल्ट उरला. मंग काळी तिथं लावून देल्ली."

उरलेली वायर, म्हणजे न्यूट्रल, उरलेल्या बोल्टाला. या पूर्ण प्रकरणाचं मूळ या एका वाक्यात आहे, आणि त्या पोराला हसण्यासारखं त्यात काही नाही. न्यूट्रल मोकळी सोडायची नाही असं त्याला शिकवलेलं. पण ट्रान्सफॉर्मर आला की काय बदलतं, ते कोणी शिकवलं नव्हतं.

डेल्टाला न्यूट्रल लागतच नाही. तीन गुंडाळ्या तीन फेजांच्या मध्ये बसतात, बस. आणि मशीनकडच्या गुंडाळ्यांचा खांबावरच्या तारांशी तारेनं काही संबंध उरत नाही. मधे फक्त लोखंडातला चुंबकीय प्रवाह. म्हणजे ट्रान्सफॉर्मरच्या पलीकडं नवीन वीज जन्माला येते. खांबावरच्या विजेला गावच्या डीपीपाशी, म्हणजे गावाला वीज देणाऱ्या ट्रान्सफॉर्मरपाशी, जमीन दिलेली असते. या नव्या विजेला तिची स्वतःची जमीन आपण द्यायची असते. न्यूट्रल जोडून त्या पोरानं तिला उसनी जमीन दिली, तीही भेगाळलेली.

मुंग्या कुठून येत होत्या

मशीनचं अंग कुठं अर्थ केलं आहे ते शोधलं. जुन्या हलरच्या काळातला एक खड्डा भिंतीमागं होता. त्याची जीआय तार मातीत वीतभर खाली गंजून तुटली होती. ओढली तर हातात आली. पोराला टेस्टरवर 'अर्थ येत नाही' असं दिसलं म्हणून त्यानं मशीनचं अंग त्या चौथ्या बोल्टालाच बांधलं. म्हणजे मशीनचं लोखंड, ट्रान्सफॉर्मरचा स्टार बिंदू आणि खांबावरची न्यूट्रल, तिघं एकाच गाठीत.

सायंकाळी दिवे लागल्यावर, मशीनकडची वीज बंद ठेवून, न्यूट्रल आणि ओल्या जमिनीत ठोकलेली सळई यांच्यामध्ये मल्टिमीटर लावला. ३८ व्होल्ट.

हे कसं? गावात एका फेजवर घरं जास्त, दुसऱ्यावर कमी. तिन्हींचा तोल नसला की उरलेला करंट न्यूट्रलमधून परत जातो. तार लांब आणि बारीक, सांधे ढिले, डीपीपाशी अर्थिंगचा खड्डा उन्हाळ्यात कोरडा ठणठणीत. त्या करंटाला जेवढा अडथळा, तेवढे व्होल्ट न्यूट्रलवर चढतात. पावसाळ्यात हाच आकडा बराच उतरतो. 'आधी नव्हते येत मुंग्या' असं बाया म्हणत होत्या, तेही खरं असणार. गिरणीच्या मागच्या भिंतीवरच्या दिव्याला वर्षानुवर्षं हीच न्यूट्रल होती, पण दिव्याच्या न्यूट्रलला कोण हात लावतो? मशीनच्या अंगाला बांधल्यावर ते ३८ व्होल्ट पहिल्यांदा माणसाच्या हाताशी आले. घामेजलेला हात, धुतलेली फरशी, अनवाणी पाय.

पण ३८ व्होल्टची मला तेवढी भीती नव्हती. भीती दुसऱ्याच गोष्टीची होती आणि ती मी बायांना बल्ब लावून दाखवली नाही, तोंडी सांगितली. खांब आणि मीटरच्या मध्ये कुठंही ती काळी वायर तुटली तर? गिरणीतले दिवे, पंखे फेजवर लटकलेलेच असतात. त्यांच्यातून करंट न्यूट्रलमध्ये येतो आणि परतीचा रस्ता बंद दिसतो. मग पूर्ण न्यूट्रल, आणि तिला बांधलेलं मशीनचं अख्खं लोखंड, फेजच्या बरोबरीला, २३० व्होल्टला जाऊन बसतं. मशीन बंद असलं तरी. मशीनचा स्विच पाडलेला असला तरी, कारण न्यूट्रलमध्ये स्विच नव्हताच. दिवे मात्र लागत नाहीत, म्हणून कोणीतरी अंधारात चाचपडत मशीनला हात टेकवून पाहायला जातो, काय झालं म्हणून.

ताई बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग त्यांनी आत जाऊन मेन स्विचच्या पेटीला कुलूप घातलं.

कार्ड तीन आठवडे का टिकलं

मशीनच्या कार्डाला २०० व्होल्ट सिंगल फेज लागतं असं पाटीवर लिहिलेलं. आपल्या हाताला एकच सवय: सिंगल फेज म्हणजे एक फेज, एक न्यूट्रल. पोरानं ट्रान्सफॉर्मरच्या आधीच्या बाजूनं एक फेज आणि न्यूट्रल काढून कार्डाला दिली. '२३० आणि २०० मध्ये काय फरक पडते' असा त्याचा हिशोब. जपानी मशीनमध्ये मात्र कंट्रोलला २०० व्होल्ट मोटरच्याच दोन फेजांमधून घेतात, पॅनेलमध्ये आर आणि टी या दोन खुणांवरून. न्यूट्रलची गरजच नाही. त्या दोन वायर पॅनेलमध्ये कापून टेप लावून ठेवलेल्या सापडल्या.

मग तीन आठवडे कार्ड जळलं का नाही, हे मला पटेना. दुसऱ्या दिवशी दुपारी तिथंच थांबून व्होल्ट लिहीत बसलो. उन्हाळी धानाचे पंप चालू, गिरणी लाइनीच्या शेपटाला. दुपारी दोन वाजता फेज-फेज ३५२. त्याला १.७३२ ने भागा, फेज-न्यूट्रल २०३. कार्डाला हवे तेवढेच! दिवसा लाइन पडलेली होती म्हणून चुकीच्या जागेवरून घेतलेली वीज योगायोगानं बरोबर निघत होती.

पण तेच ३५२ ट्रान्सफॉर्मरमधून गेले की मोटरला १७० मिळत. मोटर कण्हायची. एचएमटीसारख्या बारीक धानात कनकी (तुटलेला तांदूळ) वाढली, असं ऑपरेटर काकाजी सांगत होते. (एचएमटी हे वाण याच तालुक्यातल्या नांदेडच्या दादाजी खोब्रागडे यांनी शेतात निवडून निवडून तयार केलं, नाव पडलं ते मनगटी घड्याळावरून. इथल्या गिरणीत एचएमटीची कनकी झाली तर लोकांना ते घरचं नुकसान वाटतं.) तेव्हा काकाजींनी शहाणपणाचा उपाय काढला: "दिवसा मोटर दमते, तं रातीले चालवू."

रात्री पंप बंद, गाव झोपलेलं. गावच्या डीपीचा ट्रान्सफॉर्मर ११ हजारावरून ४३३ व्होल्ट देण्यासाठी बनलेला असतो, भारानं पडून ४१५ च्या आसपास यावं म्हणून. भारच नसेल तर तो आकडा वरच राहतो, आणि वरच्या लाइनीचे व्होल्ट चढले की आणखी पुढं जातो. मी रात्री साडेदहाला मोजले, ४४१. मोटरला २१२, एकदम खुश. कार्डाला २५५. रात्रपाळीच्या दुसऱ्याच रात्री ते गेलं.

म्हणजे मोटर वाचवायला केलेल्या उपायानं कार्ड मारलं. लाइनमनही खोटा नव्हता, व्यापारीही पूर्ण खोटा नव्हता. दोघांचं भांडण मात्र चुकीच्या जागी चाललं होतं.

आणखी तीन गोष्टी

मेनला आधी ४० अँपिअरची सी-टाइप एमसीबी होती. ट्रान्सफॉर्मर चालू करताना कधी पडे, कधी पडत नसे. पोराला वाटलं एमसीबी खराब. तसं नसतं. चालू करायच्या क्षणी वीज लाटेच्या कुठल्या टप्प्यावर आहे आणि लोखंडात मागचं चुंबकत्व किती उरलं आहे, यावर पहिला झटका ठरतो. तो पूर्ण भाराच्या दहापटही जाऊ शकतो. या ट्रान्सफॉर्मरचा पूर्ण भार ४१५ च्या बाजूला ३५ अँपिअर, दहापट म्हणजे ३५०. सी-टाइप पाचपट ते दहापटीत पडते, म्हणजे २०० ते ४०० मध्ये कुठंही. त्यानं एमसीबी काढून किटकॅट बसवला, आणि तोही जळायला लागला तेव्हा त्यात वायरीचे तांब्याचे धागे पिळून भरले. हे वाचून कोणाला राग येईल. मी स्वतः उमेदवारीत असताना हेच केलेलं आहे.

दुसरी, केबल. त्यानं दोन्ही बाजूला ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर टाकली, कारण मीटरपाशी टाँग टेस्टरवर २० अँपिअर दिसले. पण व्होल्ट निम्मे झाले की अँपिअर दुप्पट होतात. पलीकडं ४० चालू होते. टोकाच्या लगपाशी वायरीची कातडी कडक होऊन तडकली होती.

तिसरी म्हणजे ट्रान्सफॉर्मर चोवीस तास चालूच. मशीन बंद असतानाही तो मीटरवर सुमारे १३० वॅट खात होता, दिवसाला तीन युनिट. गटाच्या हिशेबवहीत 'बिल का वाढले' असा प्रश्न ताईंनी लिहूनच ठेवला होता.

काय केलं

लाइनमनला बोलावून खांबावरून सप्लाय बंद करवला, तपासून मगच हात घातला. कामाचा रिपोर्ट माझ्या लायसन्सवर वीज कंपनीला दिला.

काळी वायर चौथ्या बोल्टावरून काढली. पोरानं विचारलं, "मंग हे कुठं लावू?" म्हटलं, कुठंच नाही. दिव्यांच्या बोर्डाला जाते तेवढी जाऊ दे. ट्रान्सफॉर्मरकडं आलेलं टोक कापून, टोपी घालून, पेटीत मागं वळवून ठेवलं. त्याला ते शेवटपर्यंत अस्वस्थ करत होतं.

मग खड्डे. स्टार बिंदूसाठी दोन, लोखंडासाठी दोन. दोनाचा नियम उगाच नाही: एक तार गंजली तर दुसरी हवी, आणि पहिली गंजल्याचं इथं आपण डोळ्यानं पाहिलंच होतं. अडीच मीटरचे जीआय पाइप, मीठ-कोळसा, वर पाणी ओतायला चाडी. बायांनी दोन दिवसांत चारही खड्डे खणून दिले. मजुरी मागितली नाही, उलट कोळसा घरून आणला. तांब्याची पट्टी टाकून चारही जोडले. पाणी मुरल्यावर अर्थ टेस्टरनं ४.२ ओहम दाखवले.

आता इथं एक गोष्ट भल्याभल्यांची चुकते, म्हणून थोडं थांबतो. चार ओहमचा खड्डा झाला म्हणजे काम झालं असं वाटतं. हिशोब करा. एका फेजची वायर घासून मशीनच्या लोखंडाला लागली. स्टार बिंदूपासून फेजला ११५ व्होल्ट. स्टारचा खड्डा आणि मशीनचा खड्डा वेगवेगळे ठेवले, प्रत्येकी चार ओहम, तर करंट मातीतून परत येणार: ११५ भागिले ८, चौदा अँपिअर. ६३ अँपिअरचा ब्रेकर चौदाला हलतही नाही. लोखंड ११५ च्या निम्म्या व्होल्टवर तसंच जिवंत राहणार. म्हणून स्टार बिंदूपासून मशीनच्या अंगापर्यंत १६ चौरस मिलिमीटरची हिरवी तांब्याची वायर सलग टाकली. आता दोष झाला तर करंट मातीत न जाता तांब्यातून परत येतो, शेकड्यांनी अँपिअर, आणि ब्रेकर क्षणात पडतो. खड्डा हा लोखंडाला जमिनीच्या बरोबरीला ठेवायला असतो. ब्रेकर पाडायचं काम तांब्याचं.

पोराच्या जोडणीतही स्टार आणि अंग एकत्रच होते की, असं कोणी म्हणेल. होते. पण ती गाठ जमिनीला बांधलेली नव्हती, खांबाच्या न्यूट्रलला बांधलेली होती. तेवढाच फरक.

गळतीसाठी अर्थ लीकेज रिले बसवला, १०० मिलिअँपिअरवर. मेनवर आरसीसीबी (गळती झाली की पडणारा तयार स्विच) टाकून भागलं नसतं, कारण ट्रान्सफॉर्मरच्या पलीकडची गळती अलीकडच्याला दिसत नाही; ती पलीकडच्या स्टार बिंदूलाच परत जाते. आणि साधी आरसीसीबी पलीकडं टाकली तर तिचं टेस्ट बटण ११५-२०० व्होल्टवर भरवशाचं राहत नाही, ती मुळात २३०-४१५ साठी बनलेली. म्हणून वेगळा रिले, त्याची कॉइल तिन्ही फेजांभोवती, आणि ६३ च्या एमसीसीबीला (मोठ्या ब्रेकरला) पाडणारी शंट ट्रिप कॉइल.

मशीनकडं १६ चौरसची केबल, मेनकडं १० चौरसची. मेनला ४० अँपिअरची डी-टाइप एमसीबी. ती ४०० च्या आत झटक्यानं पडत नाही. ट्रान्सफॉर्मरच्या आधी आयसोलेटर, रात्री घरी जाताना पाडायचा. कार्डाच्या आर-टी वायर पुन्हा जागेवर जोडल्या. फेजचा क्रम आधी मीटरवर पाहून, एलेव्हेटरचा पट्टा काढून ठेवून मगच मोटर फिरवली; उलट फिरली असती तर बादल्या वाकल्या असत्या.

कोणी विचारेल, ऑटो ट्रान्सफॉर्मर घेतला असता तर स्वस्त नसता पडला? पडला असता, तांबं जवळजवळ निम्मं लागतं. पण त्यात दोन्ही बाजू तारेनं एकच असतात. खांबाच्या न्यूट्रलवरचे ३८ व्होल्ट थेट पलीकडं आले असते, आणि आतली खालची गुंडाळी तुटली तर २०० च्या मशीनवर ४१५ च्या लाइनीचे व्होल्ट. शेपटाच्या लाइनीवर मी ऑटो लावत नाही.

राहिला प्रश्न पडलेल्या आणि चढलेल्या व्होल्टेजचा. ट्रान्सफॉर्मरला पाच टक्क्यांच्या टॅपिंग होत्या. खालची लावली तर दिवसा १७९ मिळतात, पण रात्री २२४ होतात. मशीनची मर्यादा १८० ते २२०. एक टोक सावरलं की दुसरं सुटतं. मधलीच ठेवली. व्होल्टेज रिले ३७५ आणि ४५० वर लावला, त्याबाहेर मोटर सुटते. सर्वो स्टॅबिलायझरची किंमत ऐकून ताईंचा चेहरा उतरला, तेव्हा म्हटलं आधी डीपी पाहू. अर्ज दिला, माझे तासातासाचे आकडे सोबत जोडले. नुसतं 'व्होल्टेज कमी आहे' असं लिहिलं असतं तर कागद फायलीत गेला असता. आठवड्यानं लाइनमन आले, डीपीवरचे दोन जंपर जळून अर्धे झालेले निघाले. ते बदलल्यावर दुपारी ३८४ यायला लागले. स्टॅबिलायझर अजून घेतलेला नाही.

फेज काढून दाखवलेली गंमत

चालू करायच्या आधी त्या पोराला एक गोष्ट दाखवली. मोटर सोडवून ठेवली, मेनची एक फेज काढली आणि म्हटलं, आता पलीकडं टेस्टर लाव. तिन्ही फेजवर टेस्टर लागला. तो म्हणाला, "तिन्ही फेज आहेत न भाऊ!" मग मल्टिमीटर दिला. एका फेजला ११५ च्या आसपास, बाकी दोघांना ५८-५८. त्या दोघांच्या आपसात शून्य, उरलेल्या दोन जोड्यांत १७३. डेल्टाची एकच गुंडाळी पूर्ण व्होल्टवर राहते, दुसऱ्या दोन एकामागं एक लागून निम्मे-निम्मे वाटून घेतात, त्याचा हा परिणाम. टेस्टर लागतो, मोटर मात्र जळते. म्हणून फेज गेल्याचं ओळखणारा रिले ट्रान्सफॉर्मरच्या आधी, खांबाच्या बाजूला लावला. पोरानं ते आकडे पेटीच्या दाराच्या आतून खडूनं लिहून ठेवले. परवा गेलो तेव्हा खडू पुसून पेंटनं लिहिलेले दिसले.

मशीनच्या अंगावर आणि ओल्या फरशीवर मीटर लावला, शून्य. काकाजींनी मीटरवर विश्वास न ठेवता उलट्या हातानं मशीनला दोनदा टेकवून पाहिलं. "नाही येत जी," म्हणाले. नवीन कार्ड आलं, ते चालतंय.

जुलैमध्ये पुन्हा फोन. सकाळी चालू केलं की रिले पडतो, दुपारी पडत नाही. काकाजींची सूचना तयार होती: "ते रिले काढून टाकू का? तेवढंच अडते." गेलो. ब्लोअरच्या टर्मिनल पेटीला ग्लँड (केबलीभोवतीची फट बंद करणारी कडी) नव्हती, उंदरानं आत तूस भरून घरटं केलेलं, रात्रीच्या दमटपणानं सगळं ओलं. मेगरनं जवळजवळ शून्य दाखवलं. तूस काढला, पेटी उन्हात ठेवली, ग्लँड बसवली. दोन तासांनी २० मेगओहमच्या वर. काकाजी पिलांना सुपात घेऊन बाहेर सोडायला गेले आणि मी रिलेचं बटण परत दाबून पाहिलं, पडतो का ते.